होय, क्षमस्व

पद्मजानं कापडी पिशवीतून फुलस्केप कागदांचा गठ्ठा काढला आणि थेट माझ्या कीबोर्डवर ठेवला.

“काय हे?”

“फॉर्म.”

“कसले फॉर्म?”

“तुमचेच. ओळखंनात व्हय?”

जून महिन्यातला शनिवार होता, दुपारचे साडेबारा. जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत माझं दहा बाय बाराचं ऑफिस होतं. मी वेबसाइटी बनवायचो. पद्मजा माझी बायको, माळवाडीच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. वाचनालय दहा ते सहा उघडं, सुट्टी फक्त सोमवारी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण भर शनिवारी वाचनालयाला कुलूप घालून ती माझ्याकडे कधी आली नव्हती.

मी वरचा कागद उचलला. पट्टीनं रेघा मारून चौकोन काढले होते. नाव, वडिलांचे नाव, दहावीचे गुण, गाव. सक्तीच्या खान्यांपुढे लाल पेनानं चांदण्या. खाली गोल कोपऱ्यांचं एक बटण आणि त्यात अक्षरं: पाठवा. बटणाला पेन्सिलीनं सावलीसुद्धा दिली होती.

माझं पान होतं ते. सांगलीच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज. त्या वर्षापासून अर्ज फक्त वेबसाइटवरून घ्यायचे ठरले होते आणि ती वेबसाइट मी केली होती. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची.

पण कागदावरचं पान मोडकं होतं. फोन नंबरचा खाना शेजारी असायला हवा होता, तो खाली घसरलेला. वसतिगृहाच्या चिन्हाभोवती कुणीतरी पेन्सिलीनं राखाडी चौकोन गिरवला होता. आणि सगळ्यात वर, लाल पेनानं, जाड अक्षरांत एक ओळ:

आपला ब्राउझर कालबाह्य झाला आहे.

मी दुसरा कागद बघितला. तिसरा बघितला. अकरा कागद होते, अकरा वेगळी अक्षरं, आणि प्रत्येकावर ती ओळ.

“ही ओळ कशाला उतरवली?”

“फॉर्मवर वरच हाय की. मशीनवर लिहिता येईना म्हणून वाचनालयातल्या पोरींनी आख्खा कागदावर उतरवला. त्यास्नी वाटलं फॉर्मातलीच हाय.”

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, मी मोठ्यानं हसलो. पद्मजा हसली नाही. तिनं गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा कागद काढून माझ्यापुढे धरला.

“हा वाचा.”

त्या पोरीनं लाल ओळीच्या खाली, उत्तर लिहितात तसं, निळ्या पेनानं लिहिलं होतं: होय. क्षमस्व.

हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंटरनेटवरचं पान ज्या प्रोग्रॅममधून दिसतं त्याला ब्राउझर म्हणतात. त्यांतल्या एकाची सहावी आवृत्ती फार जुनी झाली होती. नवी फुकट मिळत होती, पण पतपेढ्या, शाळा, कचेऱ्या, जिथं तिथं ती जुनीच ठाण मांडून बसलेली. आम्ही तिला सहा नंबर म्हणायचो, शिवी दिल्यासारखं. चार दिवस खपून पान करावं, सगळीकडे नीट दिसावं, आणि सहा नंबरात उघडलं की तीन खान्यांतला तिसरा खाली पडलेला. चित्राच्या मागं राखाडी ठिगळ. ते सावरायला आणखी चार दिवस. एक खाना वर उचलला की दुसरा पडायचा. मग गिऱ्हाइकाचा फोन: “चौगुले, तुमची वेबसाइट मोडली.” माझी मोडत नव्हती, त्याचा ब्राउझर मोडका होता, पण हे फोनवर कुणाला पटवायचं? नुसतं तपासायला म्हणून मी एक जुनं मशीन कोपऱ्यात ठेवलं होतं. त्याला म्हातारा म्हणायचो. त्या म्हाताऱ्यापुढे माझी सात वर्षं गेली.

राज्यभरातले आम्ही चाळीसेक डिझायनर एका ग्रुपवर होतो. त्या एप्रिलमध्ये तिथं ठरलं, एक जूनपासून कुणीही सहा नंबरसाठी हात चालवायचा नाही. पानाच्या वर लाल पट्टी लावायची, ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, नवा घ्या’. लोकांना अडवल्याशिवाय लोक बदलत नाहीत. सगळ्यात आधी मी हो म्हटलं. आणि मी नुसती पट्टी लावली नाही. सहा नंबरातून कुणी आलं तर फॉर्म दिसायचा, पण त्यात एक अक्षर लिहिता यायचं नाही. ते मी मुद्दाम केलं होतं.

“वाचनालयाचा ब्राउझर बदलून टाक म्हणून मी तुला दहांदा सांगितलं,” मी म्हणालो.

“आणि मी तुमास्नी दहांदा सांगितलं, मशीन अनुदानातलं हाय. नवं काय बी बसवायचं तर पासवर्ड लागतोय. पासवर्ड एका साहेबाकडं, आणि साहेब बदली होऊन गेले गडचिरोलीला.”

“फोन कर की त्यांना.”

“केला. ते म्हणाले, चार्ज दिला त्याच्याकडं मागा. तो म्हणतोय, मला चार्जमध्ये पासवर्ड मिळालाच नाही. आता काय, हातोडा घालू मशीनवर?”

मी खुर्ची ओढली. “बरं, आण इकडे. अकराच आहेत ना? मी भरून टाकतो. तासाभराचं काम.”

तिनं गठ्ठ्यावर हात ठेवला.

“तुम्ही भरायचं नाही.”

“का?”

“ह्या अकरा मला दिसल्या, म्हणून मी आलो.” आमच्याकडच्या बायका बोलताना आलो-गेलोच म्हणतात. “बाकीच्या गावच्या कुणाला दिसणार? तिथं कोण आहे पिशवीत घालून आणायला?”

“बाकीच्या सायबर कॅफेत जातील.”

“जातील की. जत्रेला चालल्यासारख्या जातील. अहो, ह्या पोरी सांगली बघितलेल्या नाहीत. वसतिगृह मिळालं तर अकरावी, नाही तर गावची शेवटची बस सांगलीहून साडेपाचला सुटत्या आणि कॉलेज सुटतंय सहाला. मग घरातली म्हणणार, राहू दे आता शिक्षण, लई झालं.” तिनं माझ्या पडद्याकडे बघितलं. “किती जणी परत गेल्या, सांगा बघू. तुमास्नी दिसतंय न्हवं तिथं?”

दिसत होतं. पट्टी किती वेळा झळकली ते मी मोजत होतो, ग्रुपवर बढाई मारायला. मी आकडा काढला. अठरा दिवसांत तीनशे बारा. आदल्याच दिवशी तोवरचा आकडा ग्रुपवर टाकला होता आणि चाळीस जणांनी शाबासकी दिली होती. त्याच अठरा दिवसांत वसतिगृहाकडे अर्ज आले होते सेहेचाळीस.

“तीनशे बारा म्हणजे तीनशे बारा मुली नव्हेत,” मी म्हणालो. “एकेकीनं दोन-तीनदा उघडलं असणार.”

“अस्मिता घुणकेनं चौदा वेळा उघडलं. दर वेळी मशीन बंद करून चालू केलं. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकतंय.” तिनं त्या ‘क्षमस्व’च्या कागदाकडे बोट केलं. “माफी मागितल्या बघा तिनं. कुणाची मागितल्या?”

मी आकड्याची खिडकी बंद केली.

“दोनची बस धरतो मी,” पद्मजा उठत म्हणाली. “पोरी वाचनालयाच्या पायरीवर बसल्यात. मी पोचोस्तवर चालू पाहिजे.”

“अगं, सहा नंबरात ते पान बसवायला चार दिवस लागतात! चेष्टा आहे का?”

“मग बसवू नका. चौकोन काढा नुसते, एकाखाली एक. त्या पोरींनी पट्टीनं काढलेत, तुमास्नी येईनात?”

कागद तिथंच ठेवून ती गेली.

मी म्हाताऱ्याचं बटण दाबलं. तो सुरू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. तेवढ्या वेळात मी माझ्या पानावरून एकेक गोष्ट उतरवायला लागलो. वरचं चित्र काढलं. रंग काढले. गोल कोपरे काढले, त्यांच्यावर मी दोन दिवस घालवले होते. तीन खान्यांची मांडणी मोडली आणि पोरींच्या कागदावर होते तसे सगळे चौकोन एकाखाली एक लावले. शेवटी लाल पट्टी काढली. उरलं काय, तर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, चौकोन आणि पाठवा. म्हाताऱ्यावर उघडलं. एकही खाना पडला नाही. पडायला वरती काही शिल्लकच नव्हतं.

पावणेतीनला पान चढवलं. तीन वाजून पाच मिनिटांनी पद्मजाचा फोन.

“उघडलं.”

मागं पोरींचा गलका ऐकू येत होता. एक म्हणत होती, “आधी मी भरतो, मी सकाळपासून बसलोय!”

फोन ठेवतोय तोच दुसरा वाजला. वसतिगृहाचे सचिव शेटे सर. बत्तीस वर्षं हेडमास्तर होते, आवाज अजून वर्गातलाच.

“चौगुले, वेबसाइटला काय झालंय?”

“काही नाही सर. अर्जाचं पान साधं केलंय.”

“साधं? अहो, पाटी कोरी आहे! इथं विश्वस्त बसलेत, पडद्यावर दाखवतोय मी त्यांना. कालपर्यंत कसं देखणं होतं. ते परत लावा.”

“लावतो सर. सोमवारी.”

“आत्ता लावा.”

“आत्ता लावलं तर खेड्यातल्या पोरींना अर्ज भरता येणार नाहीत. अठरा दिवस आलेले नाहीत. चूक माझी आहे. मी त्यांना अडवलं होतं.”



“अडवलं होतं म्हणजे?”

मी सांगितलं, जमेल तितकं सरळ. आणि शेवटी म्हणालो, “मुदत चार दिवस वाढवा सर.”

“मुदत म्हणजे मुदत, चौगुले. बत्तीस वर्षांत मी एकदाही वाढवलेली नाही. एकाला सवलत दिली की वेळेत भरणारा मूर्ख ठरतो. पाचला अर्ज बंद करा. आणि ते पान बदला.”

“पान बदलणार नाही सर.”

“मालक कोण आहे वेबसाइटचा?”

“तुम्ही. पण पासवर्ड माझ्याकडे आहे.”

असं मी आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोललो नव्हतो. सरांनी फोन ठेवला.

वाचनालयात मशीन एक, पोरी अकरा. एकेक फॉर्म पंधरा मिनिटं खात होता. पोरी एका बोटानं टाइप करत होत्या, माझ्या पडद्यावर एकेक अर्ज येऊन पडत होता. पाच वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा माळवाडीचे सात आले होते. आणि नुसते माळवाडीचे नव्हेत. कुठून कुठून, ज्या गावांची नावं मी ऐकली नव्हती तिथूनही दोन-चार आले. कुणी तरी परत एकदा उघडून बघितलं असणार.

पाच वाजता अर्ज बंद करायचं काम माझं होतं. एक ओळ बदलायची, बस्स. मी घड्याळाकडे बघत बसलो. पाच वाजले. पाच वाजून गेले. मी ती ओळ बदलली नाही.

शेवटचा अर्ज अस्मिता घुणकेचा, सहाला दहा कमी असताना. ‘इतर काही सांगायचे असल्यास’ असा एक खाना होता. तो कुणीच भरत नाही. तिनं भरला होता: आता चालतंय.

रात्री ग्रुपवर मी लिहिलं, की मी शब्द मोडला आहे, माझं नाव काढून टाका. काढलं त्यांनी.

रविवारी अर्ज येत राहिले. सोमवारी सकाळी शेटे सर स्वतः आले. पांढरा सदरा, हातात छत्री, कपाळावर आठी. वाचनालयाला सुट्टी म्हणून पद्मजाही ऑफिसात होती. सर उभेच राहिले.

“किती आले?”

“पाचच्या आधीचे अठ्ठावन्न. नंतरचे एकसष्ट.”

“ते एकसष्ट मला ग्राह्य धरता येणार नाहीत. आणि तुम्हाला हे माहीत असून तुम्ही उघडं ठेवलंत. याला काय म्हणतात, सांगाल?”

“बेशिस्त म्हणतात सर,” पद्मजा म्हणाली. “पाणी तरी घ्या.”

तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि तांब्याशेजारी अकरा कागदांचा गठ्ठा. सरांनी पाणी घेतलं नाही. गठ्ठा घेतला. हेडमास्तरांच्या हातात पोरांचे कागद आले की ते वाचल्याशिवाय राहत नाहीत. चष्मा लावून ते एकेक कागद बघू लागले. पट्टीच्या रेघा, चांदण्या, सावली दिलेलं बटण. मधे एकदा पुटपुटले, “अक्षर चांगलं आहे.” शेवटच्या कागदावर थांबले.

“ही कोण?”

“अस्मिता घुणके. सत्याऐंशी टक्के,” पद्मजा म्हणाली.

“क्षमस्व कशाबद्दल?”

“तेच मी ह्यास्नी विचारलं.”

सर खुर्चीत बसले. मग कागदांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या.

“फळ्यावर प्रश्न दिसत नसेल तर तेवढा वाया गेलेला वेळ मुलांच्या पेपरातून कापत नाहीत,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “अर्ज घेतो मी, सगळे. विश्वस्तांना काय सांगायचं ते मी सांगीन. पण चौगुले, तुम्ही यापुढं आमच्या संस्थेचं काम करायचं नाही. मुलींना आधी तुम्ही अडवलंत आणि मग मला. दोन्ही वेळा न विचारता.”

“मान्य सर. फक्त एक. ते साधं पान काढायचं नाही. नवीन कुणी येऊ दे, कितीही देखणं करू दे. ते एका बाजूला राहिलं पाहिजे.”

“हा हट्ट आहे?”

“हट्टच आहे.”

सरांनी मान हलवली. मग तांब्या उचलून पाणी प्यायले.

ते गेल्यावर मी पद्मजाला म्हणालो, “बघ, तुझ्या पायी एक गिऱ्हाईक गेलं आणि चाळीस दोस्त गेले.”

“जाऊ द्यात. पान राहिलं न्हवं?” ती कागद परत पिशवीत भरत होती. “पण तुमचा काही भरवसा नाही. उद्या परत पट्टी लावशीला. मी रोज बघणार.”

“बघ बाई, रोज बघ.”

आम्ही दोघंही हसलो आणि जेवायला घरी गेलो.

याला पंधरा वर्षं झाली. सहा नंबर जगातून नाहीसा झाला. वाचनालयाला दोन नवे संगणक मिळाले. जुनं मशीन पद्मजानं काढू दिलं नाही. क्रोशाचं झाकण विणून तिनं ते खिडकीशी ठेवलं होतं. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला? ती म्हणाली, असू दे, जागा थोडीच मागतंय.

गेल्या मार्चमध्ये पुण्याहून एका मुलीचा फोन आला. वसतिगृहाची वेबसाइट आता त्यांच्या कंपनीकडे होती.

“सर, मी मृण्मयी. शेटे सरांच्या काळातली एक नोंद आहे, अर्जाचं जुनं पान चौगुल्यांना विचारल्याशिवाय काढू नये. म्हणून फोन केला. ते आम्ही काढतोय.”

“का?”

“कोणी वापरतच नाही सर. आणि जुन्या ब्राउझरसाठी काही ठेवायचं नाही असं आमच्याकडे ठरलंय.”

“कोणीच नाही?”

“म्हणजे, एक जण आहे. होता. माझ्याकडे सात वर्षांचा रेकॉर्ड आहे. रोज सकाळी सव्वादहाला एकदा पान उघडायचं, बास. अर्ज वगैरे काही नाही. आणि गंमत म्हणजे सहाव्या आवृत्तीवरून! आम्ही हसायचो, कोण आहे हा माणूस म्हणून. फक्त सोमवारी यायचा नाही.”



“आणि आता?”

“तीन जानेवारीपासून एकदाही नाही.”

तीन जानेवारीला सकाळी मी पद्मजाला दवाखान्यात नेलं होतं. तिथून ती घरी आली नाही. चोवीस तारखेला गेली.

“सर? काढू ना?”

“नाही.”

“सर, पण खरंच कोणी...”

“उद्या सकाळी सव्वादहाला बघा,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नऊची बस धरून मी माळवाडीला गेलो. वाचनालयात नवीन आलेल्या बाईंना सांगितलं, जरा ते जुनं मशीन लावतो. त्या म्हणाल्या, चालतंय का ते? मी क्रोशाचं झाकण काढलं, घडी घालून बाजूला ठेवलं. आत धुळीचा कण नव्हता. मशीन सुरू व्हायला सहा मिनिटं लागली. पान उघडलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, चौकोन, पाठवा. एकही खाना पडलेला नव्हता.

साडेदहाला फोन आला.

“सर, आज एक भेट दिसतेय,” मृण्मयी म्हणाली. जरा थांबून तिनं विचारलं, “उद्याही दिसेल का?”

“उद्याही दिसेल. परवाही दिसेल. मी आहे तोवर दिसेल. ते पान काढायचं नाही.”

“बरं सर.”

“आणि सोमवारी दिसलं नाही तर घाई करू नका,” मी म्हणालो. “सोमवारी वाचनालय बंद असतं.”